पडद्यावरची वस्तू आणि तिचे खरे सुटे भाग

चित्रपटात नटाच्या हाती दिसणारी किंवा सेटवर मांडलेली वस्तू, म्हणजे स्टुडिओच्या बोलीतली ‘प्रॉपर्टी’, तीन वाटांनी येते. ती बाजारातून विकत किंवा भाड्याने आणली जाते, सुतार-लोहाराकडून नव्याने घडवून घेतली जाते, किंवा निरनिराळ्या वस्तूंचे भाग काढून आणि जोडून उभी केली जाते. तिसऱ्या प्रकारची प्रॉपर्टी पडद्यावर अगदी नवी, कधी न पाहिलेली वाटते. प्रत्यक्षात तिच्यात एखाद्या कॅमेऱ्याचा दांडा असतो, नळाची चावी असते, विमानाच्या इंजिनातली नळी असते. अशा गाजलेल्या वस्तूंच्या हुबेहूब प्रतिकृती करणारे कारागीर आणि संग्राहक गेल्या चाळीस-पन्नास वर्षांत जगभर वाढले आणि त्यांच्यापुढचे पहिले काम ठरले ते हे सुटे भाग ओळखण्याचे. कोणता तुकडा मुळात कशाचा, कोणत्या कारखान्यातला आणि कोणत्या सालचा, हे कळल्याशिवाय प्रतिकृती खरी उतरत नाही. हा शोध करमणुकीतून सुरू झाला असला, तरी त्यातून कारखान्यांचा, बाजारांचा आणि हातकामाचा जो इतिहास हाती लागतो तो मोलाचा आहे.

खरे भाग वापरण्यामागे आधी पैसा आणि वेळ यांचा हिशेब असतो. चित्रीकरण उद्यावर आले असताना नवी वस्तू ओतून, कातून, रंगवून घेण्यापेक्षा भंगारातली वस्तू उचलून तिला नवा आकार देणे सोपे पडते. दुसरे कारण कॅमेऱ्याच्या नजरेचे. कारखान्यात बनलेल्या धातूच्या तुकड्यावर ओतकामाची रेघ असते, लेथवर कातल्याच्या बारीक वलयांच्या खुणा असतात, आटे असतात, वापराने झिजलेल्या कडा असतात. लाकडावर चंदेरी रंग फासून हे साधत नाही. जवळून घेतलेल्या दृश्यात खोटी वस्तू लगेच उघडी पडते. नटाच्या हाताला लागणारे वजन हीसुद्धा मोठी गोष्ट आहे. जड वस्तू धरलेला हात वेगळा दिसतो.

जोडून बनवलेल्या वस्तूचे भाग ओळखण्याची परंपरा महाराष्ट्रात चित्रपटाच्या कितीतरी आधीची आहे, ती शस्त्रांच्या अभ्यासात. दख्खनमध्ये आणि मराठ्यांच्या फौजांत नावाजलेली फिरंगी तलवार म्हणजे युरोपात घडलेले लांब, सरळ पाते आणि त्यावर इथल्या कारागिराने बसवलेली मूठ. सोळाव्या शतकापासून पोर्तुगीजांच्या व्यापारातून अशी पाती पश्चिम किनाऱ्यावर उतरू लागली. जर्मनीतील झोलिंगेन, इटलीतील जेनोवा, स्पेनमधील तोलेदो ही त्यांची नामांकित ठिकाणे. पात्यावरच्या धावत्या लांडग्याच्या, चंद्रकोरीच्या किंवा अक्षरांच्या ठशांवरून त्याचे मूळ ठरवले जाते. पण ठसा दिसला म्हणजे काम संपले असे होत नाही. या पात्यांना भाव चांगला मिळत असल्याने इथल्या लोहारांनीही तसेच ठसे उमटवले. त्यामुळे जाणकार ठशाबरोबर पात्यावरच्या खाचांची संख्या, त्यांची खोली आणि पोलादाचा पोत पाहतो, मुठीच्या पट्ट्या नंतर बसवल्या आहेत का हे तपासतो आणि पाते एका शतकातले, मूठ दुसऱ्या शतकातली असा निकाल देतो. पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात शस्त्रांपासून दिवे, अडकित्ते, कुलपांपर्यंत घरगुती आणि दरबारी वस्तूंचा साठा आहे. दिनकर गंगाधर केळकरांनी तो वस्तूगणिक हिंडून जमवला आणि १९७५ मध्ये महाराष्ट्र शासनाच्या स्वाधीन केला. जुनी वस्तू हाती घेऊन तिचे भाग वेगळे वाचण्याची सवय लावायची असेल, तर त्याहून चांगली शाळा पुण्यात नाही.

मराठी रंगभूमीवर वस्तूंचा प्रश्न सुरुवातीला सौम्य होता. रंगवलेला पडदा राजवाडाही दाखवी आणि अरण्यही, आणि हातातली तलवार लाकडाची असली तरी शेवटच्या रांगेतल्या प्रेक्षकाला ते कळत नसे. विसाव्या शतकात गंधर्व नाटक मंडळीसारख्या संस्थांनी ही पातळी बदलली. बालगंधर्वांच्या नाटकांतले उंची शालू, गालिचे आणि अत्तरे खरी असत. त्यावर झालेल्या खर्चाच्या कहाण्या अजून सांगितल्या जातात. पण रंगमंचाला प्रेक्षकापासूनच्या अंतराची सोय होती. कॅमेऱ्याने ती काढून घेतली.

दादासाहेब फाळके १९१२ मध्ये लंडनला गेले आणि विल्यमसन कंपनीचा कॅमेरा, फिल्मला भोके पाडणारे यंत्र आणि इतर साहित्य घेऊन परतले. ३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कॉरोनेशन सिनेमॅटोग्राफमध्ये ‘राजा हरिश्चंद्र’ लोकांसमोर आला. त्यातली वस्त्रे, शस्त्रे, दागिने नाटकाच्या कपडेपटाच्या परंपरेतलेच होते. या चित्रपटाच्या बाह्यचित्रीकरणाची एक हकिकत प्रसिद्ध आहे. वांगणीला मंडळी भाले-तलवारी घेऊन उतरली तेव्हा गावकऱ्यांना ते दरोडेखोर वाटले आणि त्यांना अडवून ठेवण्यात आले. फाळक्यांनी येऊन चित्रीकरण म्हणजे काय ते करून दाखवल्यावर सुटका झाली. मराठी चित्रपटातल्या प्रॉपर्टीला खऱ्या वस्तूचा मान मिळाल्याची ही पहिली नोंद मानायला हरकत नाही.

सुट्या भागांच्या दृष्टीने मात्र खरे महत्त्व कोल्हापूरचे आहे. आनंदराव आणि बाबूराव मेस्त्री हे दोघे चुलतभाऊ नाटक कंपन्यांचे पडदे रंगवत, आणि त्यामुळे पेंटर याच नावाने ओळखले गेले. चित्रपटाचे वेड लागल्यावर त्यांनी मुंबईच्या चोरबाजारातून एक जुना प्रोजेक्टर मिळवला, त्यावर खेळ केले आणि पुढे त्याच यंत्राच्या आधाराने स्वतःचा कॅमेरा बनवण्याचे मनावर घेतले. प्रोजेक्टर आणि कॅमेरा यांची चाल आतून एकाच तत्त्वाची असते: फिल्म क्षणभर थांबवायची, पुढे ओढायची, पुन्हा थांबवायची. प्रोजेक्टर खोलून ती चाल समजून घेतली की उरते ते प्रकाश न शिरणारी पेटी, भिंग आणि अचूक कातलेली दातेरी चक्रे यांचे काम. आनंदराव १९१६ मध्ये वारले. बाबूरावांनी विष्णुपंत दामले यांना हाताशी धरून प्रयत्न सुरू ठेवले आणि १९१८ मध्ये कॅमेरा चालू झाला. तानीबाई कागलकर यांनी पैसा पुरवला, महाराष्ट्र फिल्म कंपनी उभी राहिली आणि तिचा ‘सैरंध्री’ ७ फेब्रुवारी १९२० रोजी पुण्याच्या आर्यन थिएटरमध्ये झळकला. त्यातला कीचकवध इतका खरा वाटला की प्रेक्षक भेदरले आणि ते दृश्य पुढे गाळावे लागले. लोकमान्य टिळकांनी बाबूरावांना ‘सिनेमा केसरी’ म्हटले.

परदेशी यंत्र विकत न आणता जुन्या बाजारातल्या यंत्राचा अभ्यास करून, त्याच्या चालीवरून नवे यंत्र गावच्या लेथवर घडवणे, ही कामगिरी आजच्या प्रतिकृतीकाराच्या कामाशी जवळचे नाते सांगते. बाबूरावांचे आणखी एक पाऊल या विषयाला लागून आहे. त्यांनी रंगवलेल्या पडद्यांऐवजी लांबी-रुंदी-खोली असलेले सेट उभारले. सेटला खोली आली की त्यावर ठेवलेल्या वस्तूलाही ती यावी लागते. रंगवलेली समई चालेनाशी होते, खरी समई आणावी लागते. मराठी चित्रपटात प्रॉपर्टी हे स्वतंत्र काम झाले ते इथून.

कोल्हापुरातच १ जून १९२९ रोजी प्रभात फिल्म कंपनी स्थापन झाली. व्ही. शांताराम, दामले, शेख फत्तेलाल, केशवराव धायबर आणि सीतारामपंत कुलकर्णी हे भागीदार. १९३३ मध्ये प्रभात पुण्याला आली. दामल्यांकडे यंत्रांची आणि ध्वनीची बाजू, फत्तेलालांकडे कलाविभाग. दोघेही बाबूराव पेंटरांच्या हाताखाली तयार झालेले. ‘संत तुकाराम’च्या पुष्पक विमानापासून दरबारी चौरंगांपर्यंत सारे स्टुडिओच्या आवारातच घडे, कारण सुतारकाम, रंगकाम, कपडेपट, साचेकाम यांचे पगारी कारागीर तिथे होते. मोठ्या स्टुडिओची ही पद्धत ओळख पटवण्याच्या कामाला सोयीची आहे. एका चित्रपटासाठी केलेली ढाल, दिवा किंवा सिंहासनाचा हात रंग बदलून पुढच्या चित्रपटात येतो आणि दोन चित्रपटांची दृश्ये शेजारी ठेवली की तो सापडतो. प्रभात १९५३ मध्ये बंद पडली. तिच्याच आवारात १९६० मध्ये फिल्म इन्स्टिट्यूट सुरू झाली आणि प्रभातच्या काही वस्तू तिथे जपल्या गेल्या. इतर ठिकाणी असे भाग्य लाभले नाही. भालजी पेंढारकरांचा कोल्हापूरचा जयप्रभा स्टुडिओ गांधीहत्येनंतर उसळलेल्या १९४८ च्या जाळपोळीत पेटवला गेला. शिवकालीन चित्रपटांची परंपरा चालवणाऱ्या वास्तूचे ते नुकसान पैशात मोजण्यासारखे नव्हते.

पगारी कारागिरांची स्टुडिओ-पद्धत मोडल्यावर प्रॉपर्टीचा कारभार बाजाराकडे गेला. मुंबईत भेंडीबाजाराजवळच्या मटन स्ट्रीटवरील चोरबाजार हे त्याचे ठळक केंद्र. ग्रामोफोन, झुंबरे, आरामखुर्च्या, टेलिफोन, घड्याळे, जहाजावरचे कंदील हे सारे तिथे विकतही मिळे आणि चित्रीकरणापुरते भाड्यानेही. भाड्याने नेलेली वस्तू परत येते आणि दुसऱ्या चित्रपटात जाते, म्हणून एकच झुंबर चार हवेल्यांत दिसते. रे रोडजवळच्या दारूखान्यात जहाजे तोडली जात. तिथून पितळी गोल खिडक्या, होकायंत्रे, दाब दाखवणाऱ्या तबकड्या बाजारात येत. खलनायकाच्या गुप्त तळावरच्या यंत्रांच्या भिंतीला अशा तबकड्यांइतके सोयीचे काही नव्हते. पुण्यात हीच जागा मंगळवार पेठेतला जुना बाजार भरून काढतो. बुधवारी आणि रविवारी भरणाऱ्या या बाजारात पितळी बंबाच्या तोटीपासून लष्करी पेटीच्या कडीपर्यंत काहीही हाती लागते, आणि नाट्य-चित्रपटांची मंडळी तिथे पिढ्यान्‌पिढ्या फिरत आली आहेत.

सुटे भाग ओळखण्याची शिस्तबद्ध पद्धत मात्र वाढली ती अमेरिका आणि इंग्लंडमध्ये. तिथे जुनी उदाहरणे पुष्कळ आहेत. १९३१ च्या ‘फ्रँकेन्स्टाइन’मधली ठिणग्या फेकणारी विद्युतयंत्रे केनेथ स्ट्रिकफाडेन यांनी जमवून बांधली होती. ती त्यांच्याकडे टिकून राहिली आणि १९७४ मध्ये ‘यंग फ्रँकेन्स्टाइन’मध्ये पुन्हा वापरली गेली. १९६६ मध्ये सुरू झालेल्या ‘स्टार ट्रेक’ मालिकेत डॉक्टरांची उपकरणे म्हणून वेगळ्या घडणीच्या मीठदाण्या वापरल्या गेल्या. पण या अभ्यासाचा खरा आरंभ १९७७ च्या ‘स्टार वॉर्स’पासून धरावा लागतो.

या चित्रपटाचे चित्रीकरण लंडनजवळच्या एल्स्ट्री स्टुडिओत झाले. पैसा हात राखून खर्चायचा होता. सेट सजवण्याची जबाबदारी असलेले रॉजर ख्रिश्चन यांनी विमानांचे भंगार वजनावर घेतले आणि त्यातून अंतराळयानांच्या आतल्या भिंती सजवल्या. नायकाची प्रकाशाची तलवार, लाइटसेबर, कशी असावी हा प्रश्न त्यांनी लंडनमधल्या एका कॅमेऱ्याच्या दुकानात सोडवला. वृत्तपत्रांचे छायाचित्रकार पूर्वी वापरत त्या अमेरिकन ग्राफ्लेक्स कॅमेऱ्याच्या फ्लॅशचे दांडे तिथे पडून होते. तीन मोठ्या बॅटऱ्या मावतील असा तो चकचकीत नळीसारखा दांडा. त्यावर धरण्यासाठी काळ्या पट्ट्या चिकटवल्या, गणकयंत्राच्या आकड्यांवर बसते ती फुगीर भिंगांची पट्टी मधल्या पकडीत सरकवली, टांगायला कडी लावली, आणि चित्रपटसृष्टीतली सर्वांत ओळखली जाणारी मूठ तयार झाली. या चित्रपटाच्या कलाविभागाला ऑस्कर मिळाले, त्यात ख्रिश्चन यांचेही नाव होते.

त्याच चित्रपटातल्या वृद्ध गुरूच्या तलवारीचे भाग ओळखायला फार वेळ लागला, आणि ती कहाणी या साऱ्या विषयाचा नमुना आहे. धरायचा भाग पहिल्या महायुद्धातल्या ब्रिटिश रायफल-ग्रेनेडचा निघाला. एक भाग ब्राउनिंग मशीनगनच्या तोंडाचा. पकड पुन्हा ग्राफ्लेक्सची. एक तुकडा न्हाणीघरातल्या नळाची चावी, आर्मिटेज शँक्स या कंपनीची. आणि टोकाची नळी रोल्स-रॉइसच्या डर्वेंट या जेट इंजिनातली, जे ग्लॉस्टर मिटिऑर विमानांना बसवले जाई. पाच तुकड्यांत दोन महायुद्धे, एक छायाचित्रणाचा धंदा आणि एक न्हाणीघर आले. १९७० च्या दशकातल्या इंग्लंडच्या भंगारबाजारात युद्धाचा माल किती स्वस्त आणि किती मुबलक होता, याचा याहून बोलका पुरावा शोधूनही मिळणार नाही. दारूखान्यातल्या तबकड्या मुंबईच्या चित्रपटांत दिसतात त्यामागचे कारणही हेच. प्रॉपर्टी ज्या काळात आणि ज्या गावात बनते, त्या काळाचे आणि गावाचे भंगार तिच्यात उतरते.

बंदुकांचे प्रकरण वेगळे होते. त्या लंडनच्या शस्त्रपुरवठादाराकडून भाड्याने घेतल्या गेल्या. चित्रपटातल्या हान सोलो या पात्राचे पिस्तूल म्हणजे जर्मन माउझर सी-९६, त्यावर जर्मन दुर्बीण आणि टोकाला विमानातल्या मशीनगनचा भाग. सैनिकांच्या हातातल्या बंदुका ब्रिटिश स्टर्लिंग सबमशीनगनच्या. भाड्याची बंदूक परत गेली की तिच्यावर जोडलेले भाग उतरवले जात, म्हणून मूळ वस्तू शिल्लक राहणे दुर्मीळ. चित्रपटात वापरलेल्या अशा एका माउझरला २०२२ मध्ये अमेरिकेतल्या लिलावात १० लाख डॉलरहून अधिक किंमत आली.

नंतरच्या उदाहरणांची यादी लांब आहे. ‘बॅक टू द फ्यूचर’मध्ये मोटारीवर बसवलेले भविष्यातले ऊर्जायंत्र क्रुप्स कंपनीच्या कॉफी दळण्याच्या यंत्रापासून केलेले होते, आणि तेच यंत्र आधी ‘एलियन’मधल्या अंतराळयानाच्या जेवणाच्या मेजाजवळ दिसते. ‘स्टार वॉर्स’ मालिकेतल्या १९९९ च्या चित्रपटातले संभाषणयंत्र स्त्रियांसाठीच्या जिलेट रेझरच्या मुठीवरून साचा काढून बनवले होते. १९८२ च्या ‘ब्लेड रनर’मधल्या पिस्तुलात स्टायर-मॅनलिखर रायफलचा मधला भाग आणि चार्टर आर्म्सचे रिव्हॉल्व्हर एकत्र केले होते. हे पिस्तूल कित्येक वर्षे फक्त दृश्यांवरून अभ्यासले गेले. २००६ मध्ये कॅलिफोर्नियात भरलेल्या विज्ञानकथा संमेलनात मूळ वस्तू लोकांना पाहायला मिळाली, तेव्हा जुन्या प्रतिकृतींमधल्या मापांच्या आणि बारकाव्यांच्या चुका एकामागून एक दुरुस्त झाल्या.

भाग ओळखण्याची रीत साधारण अशी असते. प्रथम चित्रपटाची जास्तीत जास्त स्पष्ट प्रत मिळवून वस्तू दिसते ती सगळी चित्रे थांबवून वेगळी काढायची. मग माप ठरवायचे. मोजपट्टी पडद्यावर नसते, पण माहितीतली एखादी वस्तू असते. ग्राफ्लेक्सच्या दांड्यात मोठ्या बॅटऱ्या बसतात हे कळले की त्या बॅटरीचा सुमारे ३३ मिलिमीटर व्यास ही मोजपट्टी होते आणि बाकीच्या भागांची मापे त्यावरून काढता येतात. नंतर त्या मापाचा आणि आकाराचा भाग कुठल्या उद्योगात लागत असेल याचा अंदाज. इथे जुनी माहितीपत्रके, पेटंटची रेखाटने, लष्करी दुरुस्तीच्या पुस्तिका कामाला येतात. आटे फार उपयोगी पडतात. ब्रिटिश व्हिटवर्थ पद्धतीचे, अमेरिकन आणि मेट्रिक आटे वेगळे असल्याने देश ठरतो. स्क्रूच्या डोक्यावरून काळाची एक सीमा मिळते. अधिक चिन्हाचा फिलिप्स स्क्रू १९३० च्या दशकात बाजारात आला, त्याआधीच्या वस्तूत तो असेल तर ती वस्तू नंतर उघडली गेली आहे किंवा मुळातच नंतरची आहे. शेवटी मूळ वस्तू कुठे प्रदर्शनात असेल तर तिचे सर्व बाजूंनी फोटो. १९९७ मध्ये वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहालयात ‘स्टार वॉर्स’च्या प्रॉपर्टीचे मोठे प्रदर्शन भरले, त्याने अनेक वाद मिटवले.

चुका होतात त्या बहुधा घाईने. एकाच वस्तूच्या दोन-तीन प्रती असतात: जवळच्या दृश्यासाठी धातूची, मारामारीसाठी रबराची, कमरेला लटकवण्यासाठी हलकी. तिन्ही एकच समजल्या की मापे जुळत नाहीत. दुसरी चूक प्रतिकृतीवरून प्रतिकृती काढण्याची. साच्यात ओतलेला पदार्थ थंड होताना आकसतो, कडा बोथट होतात, आणि तिसऱ्या पिढीची प्रत मुळापेक्षा दिसण्यासारखी लहान होते. प्रतिकृती जुनी भासवून मूळ म्हणून विकणारेही आहेत. म्हणून लिलावात ओरखड्यांची जुळणी विचारली जाते. पडद्यावरच्या दृश्यात दिसणारा ओरखडा, खड्डा, वाकडा बसलेला स्क्रू हातातल्या वस्तूवर त्याच जागी असला तरच ती मूळ मानली जाते. फिरंगीचा ठसा पाहून न थांबणाऱ्या जाणकाराची सावधगिरी इथेही तशीच लागते.

महाराष्ट्रातल्या ऐतिहासिक आणि चरित्रपर चित्रपटांना ही विद्या वेगळ्या अंगाने हवी आहे. इथे वस्तू भविष्यातली भासवायची नसते, ठरावीक सालातली दाखवायची असते. त्यासाठी आपल्याकडच्या वस्तूंच्या जन्मतारखा ठाऊक असाव्या लागतात. कऱ्हाडजवळच्या ओगलेवाडीचा ओगले ग्लास वर्क्स १९१६ मध्ये सुरू झाला, म्हणून तिथला प्रभाकर कंदील आगरकरांच्या टेबलावर ठेवता येत नाही. किर्लोस्करांचा लोखंडी नांगर १९०३ नंतरचा. बॅकेलाइटचा शोध १९०७ चा, तेव्हा त्याचे दिव्याचे काळे बटण जोतिराव फुल्यांच्या भिंतीवर चुकीचे. गोदरेजचा टाइपरायटर १९५५ चा, तो स्वातंत्र्यलढ्यातल्या कचेरीत दिसला की जाणत्या प्रेक्षकाचा विश्वास तिथेच उडतो. तलवारींना आणखी एक बंधन आहे. १९५९ च्या शस्त्र कायद्यामुळे धारदार किंवा चालती हत्यारे सहज वापरता येत नाहीत, म्हणून पात्यांसाठी बोथट पत्रा, लाकूड किंवा फायबर वापरतात. पण मूठ बरोबर करायला कायद्याची आडकाठी नाही. खऱ्या मुठीचा अभ्यास न करता सगळ्या मावळ्यांच्या हाती एकाच साच्यातल्या तलवारी देणे हा आळस आहे, आणि तो मोठ्या खर्चाच्या चित्रपटांतही दिसतो.

चांगली उदाहरणेही आहेत. परेश मोकाशी यांच्या ‘हरिश्चंद्राची फॅक्टरी’ या २००९ च्या चित्रपटात फाळक्यांचा काळ पुन्हा उभा करायचा होता. त्यात हाताने फिरवायचा लाकडी पेटीचा कॅमेरा आणि फिल्मला भोके पाडण्याचे यंत्र ही नुसती सजावट राहत नाही, गोष्टच त्यांच्याभोवती फिरते. रवी जाधव यांच्या २०११ च्या ‘बालगंधर्व’मध्ये नाटक मंडळीचा सारा थाट, पडद्यांपासून अत्तरदाण्यांपर्यंत, पुन्हा मांडला गेला. त्याचे निर्माते कलादिग्दर्शक नितीन चंद्रकांत देसाई होते. त्यांनी २००५ मध्ये कर्जतला एन. डी. स्टुडिओ उभारला आणि ‘जोधा अकबर’साठी किल्ले-महाल तिथे बांधले. २०२३ मध्ये त्यांचे निधन झाले.

आज ओळख पटवण्याची साधने महाराष्ट्रात, त्यातही पुण्याच्या आसपास, भरपूर आहेत. १९६४ मध्ये स्थापन झालेले राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय पुण्यात आहे. चित्रपटांखेरीज तिथे छायाचित्रे, पुस्तिका, पोस्टर यांचाही साठा आहे, आणि सेटवर काढलेल्या छायाचित्रात प्रॉपर्टी चित्रपटापेक्षा स्वच्छ दिसते. २००३ च्या आगीत नायट्रेट फिल्मच्या जुन्या प्रती जळाल्या, त्यात प्रभातच्या काळातला ठेवाही गेला. त्यामुळे जे उरले आहे त्याचे बारकाईने होणारे डिजिटल स्कॅनिंग महत्त्वाचे. स्पष्ट स्कॅनमध्ये दिव्याच्या तळाचा ठसाही कधी वाचता येतो. मुंबईत पेडर रोडच्या गुलशन महालात १९ जानेवारी २०१९ रोजी उघडलेल्या भारतीय चित्रपटाच्या राष्ट्रीय संग्रहालयात जुनी यंत्रे समोरासमोर पाहता येतात.

प्रतिकृती घडवणारे हातही दूर नाहीत. मुळशी तालुक्यातले जांबे, मारुंजी, हिंजवडी हा पट्टा एकीकडे संगणक कंपन्यांना आणि दुसरीकडे पिंपरी-चिंचवडच्या कारखान्यांना लागून आहे. दृश्यावरून मापे काढून संगणकावर आराखडा करणारा आणि तो आराखडा पाहून पितळेचा तुकडा शतांश मिलिमीटरपर्यंत कातून देणारा टर्नर, हे दोघे इतक्या जवळ नांदतात अशी गावे थोडी आहेत. त्रिमितीय छपाईने साचा काढणे सोपे केले असले, तरी धातूचे वजन आणि लेथची खूण तिला देता येत नाही. ते काम अजून टर्नरचेच आहे.

कमी आहे ती कागदाची. ‘स्टार वॉर्स’चे भाग ओळखता आले ते त्या काळची माहितीपत्रके, बिले आणि सेटवरचे फोटो लोकांनी टिकवून ठेवल्यामुळे. मराठी चित्रपटांच्या कलाविभागांतही प्रॉपर्टीच्या वह्या असत: कोणती वस्तू कुठून आणली, भाडे किती, कोणी घडवली. अशी वही, सेटवरचे फोटो किंवा एखाद्या चित्रपटात वापरलेली वस्तू ज्यांच्या घरी, माळ्यावर, ट्रंकेत असेल, त्यांनी ती रद्दीत किंवा जुन्या बाजारात देण्यापूर्वी पुण्याच्या चित्रपट संग्रहालयाला अवश्य कळवावी. वस्तूबरोबर ती कोणत्या चित्रपटात आणि कोणत्या दृश्यात वापरली, हे आठवत असेल तेवढे लिहून द्यावे.